जखमेचें मोल व कागदाचा पुरावा

दुसऱ्याचें काम करीत असतां मनुष्याचा हात तुटला, डोळा गेला किंवा प्राणच गेला, तर त्याच्या कुटुंबाचा भार कोणीं उचलावा, हा प्रश्न नवा नाहीं. जुनीं दप्तरें चाळणाऱ्यास बालपरवेशीचे कागद आढळतात. संस्कृत ग्रंथांत भृत्यांच्या प्रकरणीं या विषयाचीं वचनें सांपडतात. विसाव्या शतकांतील कायद्यानें तर याच प्रश्नास भरपाईच्या हक्काचें रूप दिलें. हे तीन प्रकारचे पुरावे आपण बहुधा निरनिराळ्या कप्प्यांत ठेवतों. इतिहासाचे अभ्यासक बालपरवेशीपाशीं थांबतात, आणि कायद्याचे जाणते इ. स. १९२३ च्या मागें जात नाहींत. प्रस्तुत लेखांत ते तिन्ही शेजारीं शेजारीं मांडून पाहावयाचे आहेत. सांगावयाचा मुद्दा एवढाच कीं, पूर्वीं जी गोष्ट धन्याच्या कृपेनें मिळे ती आतां हक्कानें मागतां येते; परंतु कृपा काय किंवा हक्क काय, दोहोंस कागदाचा आधार लागतो, आणि ज्याच्याजवळ कागद नाहीं त्याचा हक्क कायद्यांत असूनहि त्याच्या हातीं येत नाहीं.

प्रस्तुत लेखकाचें वास्तव्य विश्रांतवाडीस आहे. पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या वाटेवरचें हें ठिकाण. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पंढरपुरास निघाली म्हणजे याच वाटेनें पुण्यांत येते. एका अंगास खडकी, जेथें इ. स. १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. दुसऱ्या अंगास येरवडा. मधल्या शेतांच्या जागीं इमारती उभ्या राहिल्या आहेत व अद्याप राहात आहेत, आणि त्या उभारणाऱ्यांत दूरच्या प्रांतांतून आलेले मजूर पुष्कळ. ता. ३ फेब्रुवारी २०२२ च्या रात्रीं येरवड्याच्या शास्त्रीनगर भागांत एका बांधकामावर स्लॅबसाठीं बांधलेली लोखंडी सळयांची जाळी कोसळली व पांच मजूर प्राणांस मुकले. ते बिहारांतून आलेले होते. अशा मजुराच्या मागें राहिलेल्या बायकोस काय मागतां येतें, कोणाकडे मागतां येतें व कोणत्या कागदाच्या जोरावर, हें उलगडून सांगणें इतिहासाच्या अभ्यासकास परकें वाटूं नये. कारण कागद पारखण्याची विद्या ती आपलीच.

१. शास्त्रग्रंथांतील विचार

कौटिलीय अर्थशास्त्र म्हैसूरचे आर. शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केल्यापासून अभ्यासकांच्या हातीं आलें. त्याच्या पांचव्या अधिकरणांत राजसेवकांच्या पोषणाचें प्रकरण आहे. काम करीत असतां मरण पावलेल्या सेवकांच्या मुलांस व बायकांस अन्न व वेतन मिळावें, असा नियम तेथें घातला आहे. आणि त्यांच्या घरच्या लहान मुलांवर, म्हाताऱ्यांवर व आजाऱ्यांवर अनुग्रह करावा, असें पुढें जोडलें आहे. मूळ संस्कृताकडे बारकाईनें पाहणाऱ्यास येथें एक भेद दिसेल. पहिल्या वाक्यांत 'लभ्' धातूचें विध्यर्थी रूप असून त्याचा कर्ता मृताचीं बायकामुलें हीं आहेत. म्हणजे नियम घेणाऱ्याच्या बाजूनें सांगितला आहे. दुसऱ्या वाक्यांत अनुग्रह आहे, व तो करणारा राजा आहे. हक्क व कृपा या दोन कल्पना एकीस एक लागून, पण वेगळ्या शब्दांनीं, तेथें उभ्या आहेत.

तथापि हा नियम राजसेवकांपुरता झाला. खासगी धन्याकडे राबणाऱ्याचें काय? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, नोकर आजारी पडला व बरा झाल्यावर त्यानें ठरलेलें काम पुरें केलें, तर मध्यें कितीहि काळ लोटला तरी त्यास वेतन मिळावें. परंतु काम थोडेंहि अपुरें राहिलें, तर तो आजारी असो वा धडधाकट असो, त्यास वेतन नाहीं. मनूची दृष्टि कामाच्या पूर्ततेवर खिळलेली आहे. काम करतांना झालेली इजा ही स्वतंत्र गोष्ट म्हणून तेथें विचारांत घेतलेली नाहीं.

कात्यायनाचा ग्रंथ अखंड उपलब्ध नाहीं. निबंधकारांनीं उद्धृत केलेलीं त्याचीं वचनें महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनीं एकत्र करून इ. स. १९३३ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांत एक वचन असें आहे कीं, वाटेंत थकलेल्या किंवा रोगानें पीडिलेल्या सोबतच्या माणसास जो टाकून देतो व गांवांत तीन दिवसहि त्याची काळजी वाहात नाहीं, तो प्रथम साहसाच्या दंडास पात्र होतो. येथें धन्याचें कर्तव्य मान्य झालें, ही मोठी पायरी होय. परंतु दंडाचा पैसा राजाकडे जावयाचा. रस्त्यांत पडलेल्या माणसाच्या पदरीं त्यांतलें कांहीं पडत नाहीं. अपराधास शिक्षा आहे. इजेस भरपाई नाहीं. या दोहोंतला फरक पुढें फार उपयोगीं पडेल.

शुक्रनीतींत याहून स्पष्ट वचनें आहेत. स्वामीच्या कार्यांत जो नष्ट झाला त्याचें वेतन त्याचा मुलगा लहान आहे तोंवर त्या मुलास चालवावें, आणि चाळीस वर्षें सेवा केलेल्यास पुढें काम न घेतां अर्धें वेतन द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. पण या ग्रंथाच्या काळाविषयीं सावध राहिलें पाहिजे. लल्लनजी गोपाल यांच्यासारख्या विद्वानांनीं तो एकोणिसाव्या शतकांतला ठरविला आहे. तेव्हां या वचनांवरून प्राचीन भारतांत निवृत्तिवेतन होतें असा निष्कर्ष काढणें सुरक्षित नव्हे.

२. सभासदाचे चार दर

महाराष्ट्रांतील पुराव्याकडे वळलें म्हणजे प्रथम कृष्णाजी अनंत सभासदाची बखर समोर येते. ती शके १६१९, म्हणजे इ. स. १६९७ त, जिंजीस राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. प्रतापगडच्या पायथ्याशीं इ. स. १६५९ त अफझलखानाचा पाडाव झाल्यावर शिवाजीमहाराजांनीं आपल्या लोकांची काय व्यवस्था लाविली, हें तींत आलें आहे. जे पडले त्यांच्या मुलांस चालविलें. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांस निमें वेतन करून दिलें. आणि जे जखमी झाले त्यांस जखमेच्या मानानें दोनशें, शंभर, पन्नास व पंचवीस होन असे पैसे दिले. बखर घटनेनंतर अडतीस वर्षांनीं लिहिलेली आहे, म्हणून आंकड्यांवर फार भार घालूं नये. परंतु सभासदास ही पद्धत विशेष खुलासा न करतां सांगावीशी वाटली, यावरून ती त्याच्या वाचकांस परिचयाची असली पाहिजे, एवढें अनुमान निर्धास्तपणें काढतां येतें.

या चार दरांत दोन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. पहिली, मेलेला व जखमी यांत भेद केला आहे: मेलेल्याच्या कुटुंबास चालू वेतन, व जखमीस एकरकमी पैसा. दुसरी, जखमीचा दर जखम पाहून ठरला आहे. त्याचा पगार किंवा वय यांचा उल्लेख नाहीं. आजच्या कायद्याची मांडणी याच पायावर उभी असून तिनें पगार व वय हीं दोन अंगें वाढविलीं आहेत, हें पुढें दिसेल.

कागद वाचणाऱ्यांस येथें भाषेचीहि एक खूण सांगितली पाहिजे. जुन्या मराठींत अमका 'कामास आला' याचा अर्थ तो लढाईंत मारला गेला असा आहे. नवशिक्या वाचकास तो उपयोगीं पडला असें वाटतें, आणि मग पुढें त्याच्या मुलाच्या नांवें नेमणूक कां झाली याचा उलगडा होत नाहीं. 'बालपरवेशी' हा शब्द 'बाल' व फारसी 'परवरिश' म्हणजे संगोपन यांच्या मेळांतून आला. असा कागद हातीं आला म्हणजे पांच गोष्टी टिपाव्या: देणारा कोण, घेणारा मृताचा कोण, मृत्यूचें कारण काय लिहिलें आहे, नेमणूक रोख आहे कीं जमिनीची, आणि ती किती काळ चालावयाची. या पांचांपैकीं कारणाचें वाक्य सर्वांत मोलाचें. कारण कामाशीं मृत्यूचा संबंध त्याच वाक्यांत बांधलेला असतो.

शिपायाची व्यवस्था करण्याची ही बुद्धि पुढच्या राज्यकर्त्यांतहि राहिली. ज्या खडकीस ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं पेशव्यांची व इंग्रजांची लढाई झाली, तेथेंच पुढें क्वीन मेरी संस्था आली. पहिल्या महायुद्धांत अपंग झालेल्या हिंदी सैनिकांस धंदेशिक्षण देण्याकरितां ती इ. स. १९१७ त मुंबईस स्थापन झाली होती. पुण्यांतील लष्कराचें कृत्रिम अवयव केंद्र इ. स. १९४४ चें. राज्याकरितां अवयव गमावणाऱ्याचा विचार असा पूर्वींपासून होत आला. यंत्रावर बोटें गमावणाऱ्याचा विचार होण्यास मात्र फार काळ लागला.

३. इ. स. १८८४ ची मागणी

मुंबईस कावसजी दावर यांनीं इ. स. १८५४ त कापडगिरणीचा उपक्रम आरंभिला. पुढच्याच वर्षीं, १८५५ त, प्राणांतिक अपघातांच्या भरपाईचा एक कायदा झाला. त्यानें मृताच्या बायकामुलांस व आईबापांस दावा करतां येऊं लागला खरा. परंतु मृत्यु दुसऱ्याच्या गैरकृत्यानें किंवा हयगयीनें झाला, हें दावा करणाऱ्यानें सिद्ध करावयाचें होतें. गिरणींत पट्ट्यांत सांपडून मेलेल्या कामगाराच्या विधवेनें मालकाची हयगय कोठून दाखवावी? साक्षीदार बहुधा त्याच मालकाचे नोकर, आणि यंत्राची माहिती मालकाच्याच ताब्यांत. शिवाय कामगारानें धोका जाणून नोकरी पत्करली, किंवा चूक सोबत्याची होती, असे बचाव इंग्रजी न्यायपद्धतींत मालकास उपलब्ध होते. इ. स. १८८१ त कारखान्यांचा पहिला कायदा झाला, पण जखमी कामगारास भरपाई देण्याची तरतूद त्यांत नव्हती.

या स्थितींत नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) पुढें आले. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व 'दीनबंधु' पत्राचे संपादक म्हणून त्यांचें नांव सर्वश्रुत आहे. सप्टेंबर १८८४ मध्यें त्यांनीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या व सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, ठरलेल्या वेळेंत काम व ठरलेल्या तारखेस पगार, या मागण्या प्रसिद्ध आहेत. परंतु त्याच अर्जांत आणखी एक कलम होतें: काम करतांना भारी इजा होऊन कामगार कांहीं काळ निकामी झाला तर बरा होईपर्यंत त्यास पुरा पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी.

हें कलम अर्थशास्त्राच्या व सभासदाच्या शेजारीं ठेवून वाचलें म्हणजे त्याचें महत्त्व उमगतें. आजवर नियम सांगणारा राजा असे किंवा शास्त्रकार असे. येथें प्रथमच ज्यांचे हात यंत्रांत जात होते त्यांनीं स्वतः कलम लिहिलें, व हयगय कोणाची हा प्रश्न न विचारतां केवळ कामावर इजा झाली एवढ्यावर पगार मागितला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत जर्मनींत बिस्मार्कच्या राजवटींत कामगारांच्या अपघातविम्याचा कायदा झाला होता. इंग्लंडांत तशा स्वरूपाचा कायदा १८९७ त झाला. हिंदुस्थानांत तो इ. स. १९२३ चा आठवा कायदा म्हणून मंजूर होऊन ता. १ जुलै १९२४ पासून अंमलांत आला. लोखंड्यांच्या सभांपासून तोंपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षें लोटलीं होतीं, आणि त्यांच्या निधनास सत्तावीस वर्षें झालीं होतीं.

४. कायद्याची बांधणी

१९२३ च्या कायद्याचा गाभा असा: इजा अपघातानें झाली, ती कामामुळें झाली व कामाच्या ओघांत झाली, एवढें ठरलें कीं मालकाचें देणें लागू होतें. मालकाची चूक दाखविण्याची गरज नाहीं. दारूच्या अंमलाखालीं असल्यामुळें, सुरक्षिततेचा नियम जाणूनबुजून मोडल्यामुळें, किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकल्यामुळें इजा झाली तर देणें टळतें. परंतु मृत्यु झाला किंवा कायमचें पूर्ण अपंगत्व आलें तर हे अपवादहि मालकास उपयोगीं पडत नाहींत. शिशाच्या विषासारखे धंद्यापासून जडणारे कांहीं रोगहि अपघातांतच धरले आहेत.

आरंभींचे दर तुटपुंजे होते. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतील जी रक्कम कमी ती. कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, त्यांतहि कमी असेल ती. पुढें अनेक दुरुस्त्या होऊन हिशेबाची रीतच बदलली. आतां मृत्यूबद्दल मासिक वेतनाच्या ५० टक्क्यांस, व कायमच्या पूर्ण अपंगत्वाबद्दल ६० टक्क्यांस, वयाप्रमाणें ठरविलेल्या एका गुणकानें गुणितात. वय जितकें कमी तितका गुणक मोठा: तिसाव्या वर्षीं २०७.९८, पन्नासाव्या वर्षीं १५३.०९. हिशेबांत धरावयाच्या मासिक वेतनाची कमाल मर्यादा ता. ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये करण्यांत आली. या मर्यादेइतकें वेतन असलेला तीस वर्षांचा मजूर दगावला, तर ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. तोच पन्नास वर्षांचा असता तर ११,४८,१७५ रुपये झाले असते.

अवयवांच्या हानीकरितां कायद्यास एक परिशिष्ट जोडलें आहे. त्यांत अंगठा गेल्यास कमाईच्या शक्तींत ३० टक्के घट, तर्जनी समूळ गेल्यास १४ टक्के, असे दर लिहिले आहेत. वरील तीस वर्षांच्या मजुराचा अंगठा गेला तर पूर्ण अपंगत्वाच्या १८,७१,८२० रुपयांच्या ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये निघतात. सभासदाच्या चार दरांचें हें विस्तृत रूप. तेथें केवळ जखम मोजली जाई. येथें जखम, वेतन व वय हीं तिन्ही मोजलीं जातात.

इ. स. २०१० पासून या कायद्याच्या नांवांत 'वर्कमेन' या शब्दाच्या जागीं 'एम्प्लॉयी' हा शब्द आला. पुढें ता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अंमलांत येऊन हा विषय तींत समाविष्ट झाला. वेतनाचा हिस्सा व वयाचा गुणक यांनीं हिशेब करण्याची रीत तीच राहिली. जे कामगार राज्य विमा योजनेखालीं, म्हणजे १९४८ च्या कायद्यानें सुरू झालेल्या योजनेखालीं, विमा उतरविलेले आहेत, त्यांस मालकाऐवजीं विमा महामंडळाकडून लाभ मिळतो.

बांधकामावरील मजुरांस विशेष लागू पडणाऱ्या दोन तरतुदी सांगितल्या पाहिजेत. एक, मजूर कंत्राटदाराचा असला तरी ज्याचें काम चाललें आहे त्या मुख्य मालकाकडे भरपाई मागतां येते. मागाहून त्यानें ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. दुसरी, दावा अपघाताच्या ठिकाणींच केला पाहिजे असें नाहीं. मृताचे वारस जेथें राहतात तेथेंहि तो करतां येतो, अशी दुरुस्ती १९२३ च्या कायद्यांत झाली होती. येरवड्यास मेलेल्या मजुराच्या बायकोस पुण्याच्या खेपा घालाव्या लागूं नयेत, हा तिचा अर्थ.

५. कागद कोणता बोलतो

'भरपाई' या शब्दाकडेच पाहूं. भरून पावणें, ही त्याची मूळ कल्पना. जुन्या देवघेवींत भरपाई म्हणजे पुरी रक्कम पोंचल्याची पावती. तिच्यावर सही झाली कीं घेणेकऱ्याचा हक्क संपला. आजहि अपघातानंतर मुकादम किंवा कंत्राटदाराचा माणूस कांहीं रक्कम घेऊन येतो व 'सर्व पोंचलें' अशा मजकुरावर शोकांत बुडालेल्या कुटुंबाचा अंगठा घेतो. कायदा बनविणाऱ्यांनीं ही चाल ओळखली होती. १९२३ च्या कायद्याप्रमाणें मृत्यूची भरपाई मालकानें आयुक्ताकडे जमा करावयाची असते, व आयुक्त ती वारसांत वांटून देतो. परस्पर दिलेला पैसा भरपाई म्हणून धरला जात नाहीं. वारसांस आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम देण्यापुरतीच सवलत आहे. तसेंच भरपाईचा हक्क सोडून देणारा करार निरर्थक ठरविला आहे. कोणत्या कागदावर विश्वास ठेवूं नये, हें कायद्यानेंच सांगितल्याचें हें ठळक उदाहरण होय.

कोणता कागद तारतो, याचेंहि उदाहरण महाराष्ट्रांतलेंच आहे. आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील एका साखर कारखान्याचा रखवालदार ता. २२ एप्रिल २००३ रोजीं मोटारसायकलवरून कामावर जात असतां, कारखाना सुमारें पांच किलोमीटर राहिला असतां, अपघातांत मरण पावला. त्याची पाळी पहांटे तीन ते सकाळीं अकरा अशी होती. आयुक्तानें कुटुंबास ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर केले. उच्च न्यायालयानें, अपघात वाटेंत झाला, कामावर नव्हे, म्हणून तो हुकूम फिरविला. शेवटीं ता. २९ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें आयुक्ताचा हुकूम कायम केला. मृत्यूपासून निकालापर्यंत बावीस वर्षें गेलीं. पाळीची वेळ, राहतें घर, कारखान्याची वाट व अपघाताचा क्षण, यांचा मेळ बसला म्हणूनच प्रवास कामास जोडला गेला. पाळीची वेळ कोठें नोंदलेली नसती तर हा मेळ बसविणें दुरापास्त झालें असतें. यापूर्वीं १९६३ सालीं मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या एका बसचालकाच्या विधवेच्या बाजूनें सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला होता. तो चालक पाळी संपवून उपक्रमाच्याच बसनें घरीं परतत होता. कामाचा ओघ दरवाजापाशीं तुटत नाहीं, हें तत्त्व तेव्हांपासूनचें. आतां नव्या संहितेनेंहि घर व कामाचें ठिकाण यांमधील प्रवासांतील अपघात, वेळ व स्थळ यांचा कामाशीं संबंध जुळत असल्यास, कामाचाच मानला आहे.

आतां बालपरवेशीच्या कागदाच्या पांच खुणा आठवाव्या. आजच्या दाव्यासहि त्याच लागतात. देणारा कोण, हें हजेरीपट, पगाराची चिठ्ठी, गेटपास किंवा बँकेंत जमा झालेली मजुरी यांवरून ठरतें. घेणारा मृताचा कोण, हें शिधापत्रिका, विवाहाचा व जन्माचा दाखला यांवरून. कारण काय, हें पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल व रुग्णालयांतील पहिला केसपेपर यांवरून. त्या पहिल्या कागदावर 'कामावर असतां पडला' हे शब्द आहेत कीं नुसतें 'पडला' एवढेंच आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतें. किती, हें वेतन व वय यांच्या पुराव्यावरून. आणि काळ: १९२३ च्या कायद्यांत दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षांची होती, व योग्य कारण असल्यास उशीर माफ होई, तरी वाट पाहण्यांत पुरावा विरतो. रोजंदारीच्या मजुराजवळ यांपैकीं पहिला व चवथा कागद सहसा नसतो. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळांत नोंद होण्यास वर्षांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवून ठेवलेला असेल तर दाव्याच्या वेळीं तोच मोठा आधार होतो.

कागदावांचून हक्क बुडाल्याचा अनुभव आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. इ. स. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास अधिकार मिळाले, आणि दख्खनांतील इनामदारांस आपापल्या सनदा दाखविण्याची पाळी आली. ज्यांचीं दप्तरें कसरीनें खाल्लीं, आगींत गेलीं किंवा भाऊबंदकींत फांकलीं, त्यांच्यापैकीं कित्येकांचीं पिढीजाद इनामें गेलीं. त्या कुटुंबांच्या वंशजांस आपण आज सहानुभूति देतों. ज्या मजुराची एकमेव सनद मुकादमाच्या वहींतली एक पेन्सिलीची ओळ आहे, त्याची अवस्था याहून वेगळी नाहीं. फरक एवढाच कीं इनामदाराची जमीन गेली, व याचा हात गेला.

म्हणून संग्राहक वाचकांपाशीं एक विनंति आहे. गिरण्या, कारखाने, छापखाने, बांधकामाचे ठेके यांच्या जुन्या हजेरीवह्या, अपघातांच्या नोंदी, भरपाई आयुक्तांचे निकाल, कामगार संघांचे अर्ज, हे कागद मोडी लिपींत नाहींत व त्यांवर राजमुद्रा नाहीं, म्हणून ते रद्दीच्या गाड्यावर जाऊं देऊं नयेत. एखादी वही हातीं आली तर तिची सलग पानें फोडूं नयेत. प्रथम पृष्ठावरचें आस्थापनेचें नांव, साल व वही लिहिणाऱ्याची सही टिपून ठेवावी. आणि ज्या नोंदींत माणसाचें नांव, त्याची मजुरी व इजेचें कारण एकत्र आलें असेल त्यांची सूचि करावी. अद्याप हयात असलेल्या जखमी कामगारास किंवा त्याच्या वारसास अशा नोंदीची खरी नक्कल उपयोगीं पडत असेल तर ती विनामूल्य करून द्यावी. अर्थशास्त्रकारानें मृताच्या बायकामुलांस जें मिळावें म्हटलें, आणि १८८४ सालीं मुंबईच्या कामगारांनीं जें मागून घेतलें, तें हातीं पडण्यास शेवटीं अशी एखादी ओळच कारण होते.